जपानमधलं कामिकात्सु हे डोंगरी गाव शून्य कचरा कसं करतं? आपल्या लोकांना अशी शिस्त कधी येणार?

प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर कोणीही देईल. मी लिहायला बसले ती दुसऱ्या भागामुळे. ‘अशी शिस्त’ हे शब्द दिसले की मला ठाण्यातल्या एका सोसायटीची वार्षिक सभा आठवते. त्याबद्दल पुढे.

मी तोकुशिमा शहरात राहते. कामिकात्सु इथून गाडीने तासाभरावर आहे. कात्सुउरा नदीच्या कडेने रस्ता वर चढतो. आधी संत्र्यांच्या बागा लागतात, मग दरी अरुंद होते आणि दोन्ही बाजूंनी सुगी, म्हणजे जपानी देवदार. गावची जवळजवळ नव्वद टक्के जमीन जंगल आहे. बाहेरून येणारा ‘काय निसर्ग आहे!’ म्हणतो, पण यातलं बरंचसं जंगल महायुद्धानंतर लाकडासाठी रांगेत लावलेलं. पुढे परदेशी लाकूड स्वस्तात यायला लागलं आणि ही झाडं तोडणं कोणाला परवडेना. आत शिरलात तर भर दुपारी अंधार असतो आणि खाली गवताचं पातंही उगवत नाही. गावात माणसं सुमारे चौदाशे, त्यातली निम्म्याहून जास्त पासष्टीच्या पुढची. 1955 साली सहा हजारांवर होती. आणि हे ‘गाव’ म्हणजे एका जागी नाही, डोंगरभर विखुरलेल्या पन्नासेक वाड्या आहेत. या वाड्यांमधून कचरागाडी फिरवायची तर डिझेलचा खर्च कोणी द्यायचा, हा हिशोब आधी करा, शिस्तीचं नंतर बघू.

आता इतिहास. कामिकात्सु पूर्वी कचरा जाळायचं. उघड्यावर, खड्ड्यात, सगळा एकत्र. नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंत हे चालू होतं. मग वरून दट्ट्या आला म्हणून 1998 मध्ये दोन छोट्या भट्ट्या बसवल्या. त्या बसतात न बसतात तोच डायॉक्सिनचा (कचरा जाळताना निघणाऱ्या विषारी द्रव्यांचा) कायदा आला, भट्ट्या त्यात बसेनात आणि दोन-तीन वर्षांत बंद कराव्या लागल्या. नवी मोठी भट्टी घ्यायला पैसे नाहीत, कचरा दुसऱ्या गावाला जाळायला द्यायचा तर वजनावर बिल. मग उरलं काय? जेवढं वेगळं होईल तेवढं वेगळं करून विकायचं किंवा द्यायचं, म्हणजे बिल कमी. 2001 च्या सुमारास तीसेक प्रकार झाले, 2003 मध्ये गावच्या परिषदेने जपानमधली पहिली ‘शून्य कचरा’ घोषणा केली, पुढे प्रकार 45 वर गेले. आज ऐंशी टक्क्यांच्या आसपास कचरा पुन्हा वापरात जातो. देशाची सरासरी वीस टक्क्यांच्या घरात आहे. तेच जपानी रक्त, तोच देश, तरी साठ टक्क्यांचा फरक. म्हणजे रक्ताचा सिद्धांत इथेच निकालात निघाला.

मला हे कागदावर माहीत होतं. पटलं आई आली तेव्हा.

आई नोव्हेंबरात आली होती. आमच्या घरमालकीणबाईंचं माहेर कामिकात्सुचं. त्यांची आई ऐंशी पार केलेली, एकटी राहते. तिच्याकडे चार दिवस राहायला आम्हा दोघींना घेऊन गेल्या. पोचलो तेव्हा आजी पडवीत बसून मोमिजीची, म्हणजे जपानी मेपलची, लाल पानं लावत होती. एका मापाची, डाग नसलेली, टोकं न मोडलेली पानं ट्रेमध्ये ओळीने. ही पानं मोठ्या शहरांतल्या रेस्टॉरंटांत जेवणाच्या ताटलीत शोभेला ठेवतात. 1981 च्या थंडीत इथल्या संत्र्याच्या बागा करपल्या, गावाची कमाई एका रात्रीत गेली. तेव्हा योकोइशी तोमोजी नावाच्या शेती सोसायटीतल्या तरुण सल्लागाराने काही वर्षं डोकं लढवून 1986 मध्ये हा पानांचा धंदा काढला. सुरुवातीला लोक हसले. नंतर याच म्हाताऱ्या बायका फॅक्सवर, मग कॉम्प्युटरवर आणि आता टॅब्लेटवर बाजाराचे आकडे बघून सकाळी ऑर्डर पकडायला लागल्या.

आईने विचारलं, “हे खायचं नाही? नुसतं ठेवायचं?”

मी म्हटलं, नुसतं ठेवायचं.

“मग दादरला केळीची पानं घेऊन बसतात तसंच की,” म्हणाली आणि आजीशेजारी बसून पानं निवडायला लागली. भाषा दोघींनाही एकमेकींची येत नव्हती. आजीने तिची तीन पानं परत काढून टाकली, त्याचं आईला फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कचरा घेऊन केंद्रावर गेलो. इथे घरोघर गाडी येतच नाही, आपापला कचरा गाडीत घालून आणायचा. सकाळी साडेसात ते दुपारी दोन. केंद्राची इमारत 2020 मध्ये नवी झाली, गावच्याच सुगीच्या लाकडाची आणि लोकांनी दिलेल्या जुन्या खिडक्यांची. शेजारी हॉटेल आहे, परदेशी लोक राहायला येतात, सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे. त्यांचं चालू दे. आईला तिथे कॅमेऱ्याची गरज पडली नाही. ती पाट्यांसमोर उभी राहिली. प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं की हा माल कुठे जातो, त्याचं काय होतं, आणि किलोमागे गावाला किती येन मिळतात किंवा द्यावे लागतात. धातू, कागद यांचे पैसे येतात. बाकी बऱ्याच डब्यांवर खर्चाचा आकडा. घरमालकीणबाई मला सांगत होत्या, मी आईला.

“म्हणजे हे टाकलं की सगळ्यांच्या खिशातून जातात?”

हो.

“आणि ते असं तोंडावर लिहून ठेवलंय?” मग थोडं थांबून, “ओला कचरा कुठे दिसत नाही तो?”

ओला कचरा केंद्रावर आणायचाच नसतो. तो घरी जिरवायचा, परसात कंपोस्ट किंवा विजेवरचं यंत्र, त्याला गावाने अनुदान दिलं होतं. आजीच्या मागच्या अंगणात झाकणाचा डबा होता. आईने झाकण उघडून आत हात घातला, खत चोळून बघितलं आणि म्हणाली, “ओलं आहे. पाला कमी पडतोय.” मी ते भाषांतर करायला लाजत होते. घरमालकीणबाईंनी हट्टाने करायला लावलं. आजी हसली आणि जवळच्या ढिगातला पाला ओंजळभर टाकला.

परत येताना आजीने केंद्राच्या दिशेने हात करून सांगितलं की तिथेच खड्डा होता. गाद्या, टीव्ही, टायर, सगळं जाळायचे, धुराने डोळे चुरचुरायचे. तिला वेगळं करायला आवडायचं का? नाही. भट्ट्या बंद झाल्या तेव्हा तिच्या वाडीत लोक चिडले होते. वाडीवाडीत सभा झाल्या, भांडणं झाली, मग सवय झाली. बस.

आता ठाणे. माझी आई गॅलरीत बादली ठेवून खत करायची. मी शाळेत असल्यापासून. भोकं पाडलेली बादली, तळाला नारळाच्या शेंड्या, भाज्यांची देठं, चहाचा चोथा. सोसायटीच्या कमिटीने तिला नोटीस दिली, वासाची तक्रार आहे म्हणून. तक्रार कोणाची हे आजवर सांगितलेलं नाही. सभेत ती उभी राहिली, म्हणाली, आपण खाली एक हौद बांधू, मी बघते. तर अध्यक्ष काका काय म्हणाले? “अहो वहिनी, हे जपानमध्ये ठीक आहे. त्यांच्यात शिस्त असते. आपल्याकडे नाही चालायचं.” टाळ्या पडल्या. आईने बादली काढली आणि कुंड्या मावशीकडे डोंबिवलीला दिल्या.

म्हणजे करणारी बाई समोर उभी आहे, तिला गप्प करायचं, आणि वर म्हणायचं आपल्यात शिस्त नाही! हा शिस्तीचा मुद्दा मला म्हणूनच सहन होत नाही. काही न करण्याची ती सगळ्यात सभ्य सबब आहे. आपला भंगारवाला तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या डोळे मिटून वेगळ्या करतो, त्याच्याकडे कुठलीही पाटी नसते. कारण त्याला भाव माहीत असतो. सोसायटीतल्या माणसाला भाव माहीत नसतो, कारण त्याचा कचरा रोज सकाळी दारातून नाहीसा होतो. वेंगुर्ल्याने कचऱ्याच्या डेपोची जागा लोक बघायला येतील अशी केली, ती माणसंही कोकणातलीच होती.

काही गोष्टी मात्र सांगायला हव्यात, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडली. 2020 पर्यंत कचरा शून्यावर आणायचं कामिकात्सुचं उद्दिष्ट होतं, ते झालं नाही. डायपर, रबर, चामडं, काही प्रकारचं प्लास्टिक उरतंच, ते जाळायला किंवा पुरायला बाहेर जातं. ते गावाच्या हातातलं नाही, बनवणाऱ्यांच्या हातातलं आहे. ज्या म्हाताऱ्यांना गाडी चालवता येत नाही त्यांच्यासाठी अधूनमधून गोळा करायची सोय ठेवावी लागली. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळवायला पाणी आणि वेळ लागतो. आणि एवढं नाव होऊनही माणसं कमी व्हायची थांबलेली नाहीत. चौदाशे माणसांचं गाव आणि चारशे फ्लॅटची सोसायटी यांत फरक आहे, हेही मान्य. तरी माझ्या मते सोसायटीचं काम सोपं आहे, सगळे एका फाटकातून आत-बाहेर करतात.

तर तुमच्या गावाला जमेल का? 45 प्रकार करायला जाऊ नका. ओला वेगळा आणि जागेवर जिरवला की निम्मं काम झालं. आणि नोटीस बोर्डावर महिन्याला कचऱ्यावर किती पैसे गेले तो आकडा लावा. आमच्या सोसायटीच्या अध्यक्ष काकांना मी हे पत्राने कळवलं होतं, उत्तर नाही.

तुमच्या घरी कोणी बादली ठेवली असेल आणि नोटीस आली, तर तोंडी वाद घालू नका. कुठल्या नियमाखाली नोटीस दिली ते लेखी विचारा आणि केंद्राचे सध्याचे घनकचरा नियम जोडा. ओला-सुका वेगळा करणं त्यातच बंधनकारक केलंय, म्हणजे वेगळं न करणाऱ्यालाच आधी नोटीस जायला हवी. वास खरंच येत असेल तर पाला कमी पडतोय. वाळलेली पानं, शेंड्या, लाकडाचा भुसा काहीही चालेल. सोसायटीच्या माळ्याकडे मागा, तो पोती भरून फेकतच असतो.