पहिली ट्यूब बदलण्याआधी
भाऊ, ट्यूब अँप म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर. अँपसोबत आलेल्या ट्यूबवरच महिनाभर गाणी ऐक. त्याचा आवाज कानात मुरू दे, मग फरक कळेल.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: पिना बसल्या म्हणजे ट्यूब चालेल असं समजतात. १२एयू७ आणि ६डीजे८ हे ट्यूबचे नंबर, दोन्हींना नऊच पिना, पण फिलामेंटची (आतल्या तापणाऱ्या तारेची) जोडणी वेगळी. अँपच्या माहितीपत्रकात दिलेलेच नंबर घे.

जुनी ट्यूब घेताना काचेच्या आतला चंदेरी डाग बघ. पांढरा पडलाय? हवा शिरलीय, सोड ती.

तुलना करताना गाणं एकच, आवाजही तेवढाच. जरा मोठा वाजला तरी कान फसतात.

आणि जळगावच्या मे महिन्यात अँपभोवती वीतभर जागा मोकळी ठेव. ट्यूब काढायची ती गार झाल्यावरच, सरळ वर ओढून.