हात कापतात, ते सगळ्यांना दिसतं का?

"बोलायचं सगळं पाठ असते मॅडम, पण हात असे लटलट कापतात! सगळे तिकडेच पाहून राहिले, असं वाटते." नागपूरच्या महाल भागातल्या एका बचत गटाच्या अध्यक्ष ताई सभेत बोलण्याबद्दल सांगत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) प्रभाव ५५ टक्के देहबोलीचा पडतो, शब्दांचा फक्त ७ टक्के, असं त्यांनी कुठल्याशा वर्गात ऐकलं होतं. तेव्हापासून मुद्दे बाजूला राहिले आणि आरशासमोर हातांचीच तालीम सुरू झाली.

या आकड्याने फार लोक धास्तावतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून तो आला. सुटा शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचा फोटो यांचा मेळ बसत नसेल, तर बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाही हे लोक कशावरून ओळखतात, एवढंच तिथे तपासलं होतं. भाषणाला तो आकडा लावणं चूकच आहे.

ताईंना मी दोन मिनिटं बोलायला लावलं, मोबाइलवर चित्रण केलं आणि आवाज बंद करून दोघींनी पाहिलं. हातांची थरथर दिसलीच नाही. हलत होता तो कागद. पातळ कागदाच्या टोकाला बोटांचा बारीकसा कंपही मोठा होतो. शिवाय दिसली ती लपवालपवी: पदराशी चाळा, मान खाली, नजर कुणाकडेच नाही. "अरे बाप्पा, एवढंच दिसते?" ताई म्हणाल्या.

आपली घालमेल आपल्याला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात ज्यांना भाषणाआधी हे समजावून सांगितलं, त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांनाही सरस वाटली.

थरथर ॲड्रेनॅलिनमुळे, म्हणजे घाबरल्यावर शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकामुळे होते, दामटून थांबत नाही. म्हणून कागदाऐवजी जाड कार्ड घ्यायचं, पाय नीट टेकवायचे आणि एक वाक्य एकाच बाईकडे पाहून पूर्ण केल्यावरच नजर हलवायची, असं ठरलं. यातलं शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. समोरचीला समजलं का, हे पाहू लागलं की स्वतःच्या हातांवर पहारा ठेवायला लक्ष उरत नाही.

सभेत सुरुवातीला हात कापलेच. मग मागून कुणी व्याजाबद्दल विचारलं, तेव्हा ताईंनी कार्ड टेबलावर ठेवून बोटांवर हिशेब समजावला.

मात्र भीतीपोटी तुम्ही सभा-समारंभच टाळत असाल, तर नुसत्या सरावावर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा; यावर चांगले उपचार आहेत.