कोळ्याला गुरू करताना

भागवतातल्या अवधूताने, म्हणजे एका विरक्त संन्याशाने, ज्यांना पाहून शिकवण घेतली त्या चोवीस गुरूंपैकी कोळ्यापासून सुरुवात करताय, तर घरातल्या जळमटात वेळ घालवू नका. पावसाळ्यानंतर बागेत चाकासारखं गोल जाळं विणणारा कोळी शोधा. संध्याकाळी हातभर अंतरावर वीस मिनिटं बसा. फुंकर घालू नका, हादरा कळला की तो लपतो. आधी कोरडे आरे, मग त्यांवर चिकट फेरे; धागा सगळा पोटातला. यांतले बरेच कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात.

नवखे ‘मायाजाळ’ म्हणून इथे धास्तावतात, भक्ष्याकडेच पाहत राहतात. भागवताच्या एकादश स्कंधाचा रोख निराळा आहे: ईश्वर विश्व स्वतःतूनच काढतो आणि स्वतःतच घेतो. म्हणून विणणं पाहा, आवरणंही पाहा. पाहिलेलं त्याच दिवशी वहीत उतरवा, अर्थ लावायला दुसरा दिवस ठेवा.