कावळा शिवला नाही, आता काय करायचं?

मी समुपदेशन करते. पितृपक्ष जवळ आला की माझ्याकडं हा प्रश्न हमखास येतो. फोनवर येतो, मेसेजवर येतो, एकदा तर बेळगावात गणपत गल्लीत भाजी घेताना एका मावशींनी पिशवी खाली ठेवून विचारलं, "ताई, आमच्या ह्यांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही ओ, घराला काय लागत नाही न्हवं?" तेव्हा घाईत काहीतरी बोलले आणि नंतर वाईट वाटलं. म्हणून एक केस जरा सविस्तर लिहिते. तिला विचारूनच लिहितेय, गाव-नातं थोडं बदललंय.

पस्तिशीची बाई. माहेर खानापूर तालुक्यातलं, मराठा घर, सासर बैलहोंगलकडचं, लिंगायत. लव्ह मॅरेज, त्यामुळं अप्पा सहा वर्षं तिच्याशी बोलले नाहीत. आईचा फोन यायचा, भाऊ चोरून भेटायचा, अप्पा नाहीत. आणि एका पावसाळ्यात अप्पा झोपेतच गेले. दहावा मलप्रभेच्या काठाला. पिंड ठेवले, सगळे लांब जाऊन उभे राहिले, दीड तास झाला, कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. पण परत येताना कोणीतरी चुलती बोलून गेली की जीव लेकीत अडकलाय, शिवणार कसा.

ते वाक्य घेऊन ती पाच महिने जगत होती. झोप नाही, पोराला ताप आला की अप्पा रागावलेत, मिक्सर जळाला तरी अप्पा रागावलेत. कोणी सांगितलं त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी, म्हणजे अतृप्त पितरांसाठीचा विधी करा, कोणी म्हणालं गोकर्ण जवळ पडेल, आणि सासूबाई म्हणायच्या, "नम्म कडे पिंड गिंड इल्लव्वा," आमच्यात हे नसतंच, विसरून जा. विसरून जा म्हटल्यावर माणूस विसरत असता तर माझं दुकान बंद पडलं असतं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. मी तिला कावळा समजावून सांगितला. म्हटलं, त्या दिवशी तुमच्या आधी दोन घरचे पिंड ठेवलेले, पोटं भरली असतील, शिवाय हा पक्षी मुळात संशयी, नवीन वस्तू दिसली की लगेच जवळ येत नाही. ती मान हलवत राहिली, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर मुलं हलवतात तशी, आणि पुढच्या भेटीत तोच प्रश्न, "मॅडम, पण शिवला नाही ते माझ्यामुळंच न्हवं?"

मग मी विचारलं, काठावर कोण कुठं उभं होतं? तिनं कागदावर काढूनच दाखवलं. पुढं भाऊ, काका, आतेभाऊ. मागं बायका. बायकांच्या मागं, रिक्षाजवळ, ही. आपल्याकडं कावळा येईना झाला की एकेकजण हात जोडून बोलतो ना, बाबा तुझ्या बायकोला अंतर देणार नाही, कर्ज फेडतो, धाकट्याचं लग्न करून देतो, तसं तिथं पण झालं. भावानं आईचं वचन दिलं, काका बांधाचं भांडण मिटवतो म्हणाले. हिला कोणी पुढं ये म्हणालं नाही. आणि हिच्याच नावानं कावळा अडला म्हणे!

"तुम्हाला बोलायचं होतं का काही?" मी विचारलं. ती म्हणाली, "व्हय की. अप्पा, मी चुकलो नाही, पण तुम्हाला दुखवलो, एवढंच बोलणार होतो." (आमच्या बेळगावकडं बायका पण आलो, गेलो, चुकलोच म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.) हे बोलल्यावर जे रडली, ते मला वाटतं अप्पा गेल्यापासूनचं पहिलं रडणं होतं.

मग तिला एक काम दिलं. ती सोसायटीत क्लार्क आहे, आजूबाजूला सगळ्या जातीधर्माची माणसं, आपला भागच तसा. म्हटलं रोज एकाला विचारा, तुमच्यात माणूस गेल्यावर काय करतात, आणि चुकलं तर काय करतात. दुसरा प्रश्न महत्त्वाचा.

तिनं वही भरून आणली. चिकोडीकडचा जैन सहकारी म्हणाला, आमच्यात पिंड नाही, जीव लगेच पुढच्या गतीला जातो, मागं थांबतोय कोण, आणि चुकीचं म्हणाल तर प्रतिक्रमण आहे, म्हणजे चुका आठवून कबूल करायच्या आणि मिच्छामि दुक्कडं म्हणून क्षमा मागायची. मुस्लिम मैत्रिणीनं सांगितलं, बाकीच्यांचा शोक तीन दिवस, नवरा गेला तर बायकोची इद्दत, म्हणजे थांबण्याचा काळ, 4 महिने 10 दिवस, चाळीसावा पण बरेच घरी करतात, पण शकुन बघत कोणी बसत नाही, दुआ करायची. आणि नमाजच्या आधी वजूला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला, पाणीच नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकून ते तोंड-हातावरून फिरवलं तरी चालतं, त्याला तयम्मुम म्हणतात. कॅम्पातल्या ख्रिश्चन नर्सनं सांगितलं, 2 नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस, त्या दिवशी कबरीवर मेणबत्त्या लावतात, ज्याला अंत्यविधीला पोचता आलं नाही तो पण तेव्हा जातो. सासूबाईंनी तर गप्पांत सांगितलं की लिंगायतांत माणूस मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात, बसवून पुरतात, आणि शरणांच्या, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या संतांच्या, शिकवणीत सुतक मानत नाहीत, मृत्यूचं नाही, बाळंतपणाचं नाही, पाळीचं पण नाही. बाराव्या शतकापासूनची शिकवण. मग ह्याच सासूबाई महालय अमावास्येला सासऱ्यांच्या फोटोपुढं नवं धोतर का ठेवतात, असं मी विचारल्यावर ती पहिल्यांदा हसली.

एक गोष्ट जवळजवळ सगळीकडं निघाली, ती म्हणजे चूल. आपल्याकडं सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी कडू घास आणतात. मुस्लिम मैत्रीण म्हणाली, पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर गेले तेव्हा पैगंबरांनी त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करायला सांगितलेलं. ज्यू लोकांत सात दिवस घरी बसायचं आणि दफनानंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं. एवढ्या लांबलांबच्या लोकांनी एकमेकांना न विचारता हेच ठरवलं, कारण मेलेल्याच्या घरच्याला त्या दिवशी भात शिजवायचं सुचत नाही. विधी म्हणजे मंत्र एवढंच आपण धरतो, पण त्यातला अर्धा भाग असा जिवंत माणसाला उभं करायचा असतो, आणि तो भाग तिच्या वाट्याला आलाच नव्हता, ती त्या दिवशी रात्री घरी जाऊन स्वयंपाक करून झोपली.

आणि चुकीचं? दर्भाचा कावळा कशासाठी आहे सांगा बरं. ज्यांनी हा विधी बांधला त्यांना माहीत होतं की कधीतरी कावळा येणार नाही, म्हणून त्यांनी सोय करून ठेवली. पूजेच्या शेवटी "मंत्रहीनं क्रियाहीनं" म्हणून क्षमा मागतात ती पण आधीच धरलेली चूक. मी तिला एवढंच म्हटलं, भटजी झालं म्हणाले म्हणजे शास्त्राच्या हिशोबात झालं, चुलतीच्या हिशोबात राहिलं, तर आपण कुणाचा हिशोब धरायचा? नागबळी करू नका असं मी म्हटलं नाही, श्रद्धा असेल तर जरूर करा, पण भीतीनं आणि कर्ज काढून नको.

मध्ये तिची झोप फारच गेली तेव्हा सायकियाट्रिस्टकडं पाठवलं, थोडे दिवस गोळ्या होत्या. हे लपवण्यासारखं नाही. शोकात रडणं, स्वप्नात माणूस दिसणं, त्याचा आवाज आल्यासारखं वाटणं हे बहुतेकांना होतं. पण महिनोन्‌महिने जेवण-झोप गेली, कामच होईना किंवा आपण पण जावं असं वाटायला लागलं तर मात्र विधी शोधत बसू नका. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल आहे, आणि 14416 हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन फुकट आहे.

सर्वपित्रीला ती भावाला घेऊन परत मलप्रभेवर गेली. भटजी नाही, कोणी नाही. पानावर भात, वडा आणि अप्पांना आवडायची ती कांदाभजी, सासूबाईंनी न सांगता डब्यात दिलेली शेंगा होळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी. या वेळी ती पुढं उभी राहिली आणि भाऊ मागं. जे बोलायचं ते बोलली, भावानं कानावर हात ठेवले होते म्हणे, तुमचं तुम्ही बोला म्हणून.

रात्री तिचा मेसेज आला. बोलणं चालू असतानाच कुठनं तरी एक कुत्रं आलं आणि भजी सगळी घेऊन गेलं, मग दोघं काठावर बसून होळगी खाल्ली. कावळ्याकडं बघायचं राहूनच गेलं, असं लिहिलं होतं.