पहिल्या घरगुती बुद्धिबळ प्रोग्रामांकडे वळताना

आपण अभ्यासाची सुरुवात पीटर जेनिंग्ज यांच्या १९७६च्या ‘मायक्रोचेस’पासून करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. हा प्रोग्राम ‘किम-१’ या एकाच सर्किट-पाटीवर (बोर्डवर) बसवलेल्या संगणकावर जेमतेम १ किलोबाइट स्मृतीत चालत असे. पडद्याऐवजी सहा अंक दाखवणारा दर्शक (डिस्प्ले) असल्यामुळे घरांचे क्रमांक कळपट्टीवर दाबून खेळी द्यावी लागे आणि उत्तरही आकड्यांतच येई. म्हणून इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामावर, खेळतानासुद्धा शेजारी खरा पट मांडून ठेवावा. त्याशिवाय त्या काळच्या खेळाडूचा अनुभव हाती लागत नाही.

त्यानंतर डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या दांपत्याच्या ‘सार्गन’कडे यावे. झेड ८० प्रक्रियकासाठी लिहिलेल्या या प्रोग्रामाने १९७८ मध्ये वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमधील स्पर्धा जिंकली, पण माझ्या मते त्याचे खरे मोल त्याच्या प्रसिद्ध झालेल्या मूळ संहितेत (सोर्स कोडमध्ये) आहे. तीत संभाव्य खेळ्या शोधताना अल्फा-बीटा पद्धतीने निरुपयोगी शाखा कशा छाटल्या जातात आणि एखाद्या घरावर मारामारी झाल्यास अखेरीस कोणाला किती लाभ होईल याचा हिशेब प्रत्यक्ष पुढच्या खेळ्या न खेळता कसा मांडला जातो, हे ओळीओळीने पाहता येते. घाई न करता हा भाग कागद-पेन्सिल घेऊन सोडवावा.

डेव्हिड हॉर्न यांचा झेडएक्स ८१ या घरगुती संगणकावरील ६७२ बाइटांचा प्रोग्राम मात्र शेवटी पाहावा. त्यात कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) नाही, प्याद्याची बढतीही नाही. जागा वाचवण्यासाठी लेखकाने काय सोडले, हे नियम आधी पक्के असलेल्यालाच नीट उमगते.