थर्मामीटरवर शंका आहे की टेंडरवर?

बाळा,

परवा पाठवलेले चारही फॉरवर्ड वाचले, आणि खाली तू विचारलंयस की सर, क्लायमेट चेंज हा सगळा पैसे खायचा धंदा आहे असं तुम्हांला नाही वाटत? प्रश्न विचारलास ते बरं केलंस. पण मला आधी सांग, तुझी शंका थर्मामीटरवर, म्हणजे शास्त्राच्या मोजणीवर आहे, की टेंडरवर, म्हणजे त्याच्या नावानं चालणाऱ्या धंद्यावर? त्या फॉरवर्डमध्ये दोन्हींची खिचडी केलीय आणि तू ती तशीच गिळलीस.

टेंडरवर हवी तेवढी शंका घे, मी तुझ्या बाजूने आहे. आपल्या गोव्यातल्या मोलेच्या जंगलाचं आठवतं ना? २०२० च्या एप्रिलमध्ये, लोक लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेले असताना, ४०० केव्हीच्या तमनार वीजलाईनला अभयारण्यातून जायला व्हिडिओ कॉन्फरन्सवर मंजुरी मिळाली, आणि तमनार म्हणजे छत्तीसगडातला कोळशाचा मुलूख. आपल्याच पोरांनी प्रकल्पाचा पर्यावरणावरच्या परिणामांचा रिपोर्ट उघडून पानापानावरच्या चुका काढल्या, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नवीन जंगल कापू नका, आहे त्या लाईनच्या पट्ट्यातून न्या.

आकडेही असेच तपासायचे. २०२५ मध्ये देशाची वीज तयार करायची निम्मी क्षमता कोळसा-गॅसच्या बाहेरची झाली, बातमी खरी आहे, पण ती बसवलेली क्षमता, प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सुमारे ७० टक्के अजून कोळशाचीच. गोव्याचा तर स्वतःचा मोठा प्लांटच नाही, बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल इथल्या कोळशाच्या प्लांटमधून येते, म्हणजे रात्री ई-स्कूटर चार्जिंगला लावली की तिकडे कोळसा जळतो. हे बोललास म्हणून कुणी तुला पर्यावरणाचा शत्रू म्हटलं तर अजिबात घाबरू नकोस.

माझ्या छपराचंच बघ ना. ३ किलोवॉटचं सोलार बसवलं आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं, कुळागरातल्या पोफळी तारांवर आडव्या, चार दिवस करंट नाही. तिसऱ्या दिवशी कडकडीत ऊन पडलं, पॅनलला हात लावला तर चटका बसत होता आणि खाली घरात आईच्या खाटेवरचा पंखा बंद. ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला जोडलेली सिस्टीम, ग्रिड गेली की मुद्दाम बंद होते, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपली वीज मारेल. नियम योग्यच आहे, पण विकणाऱ्यानं तो सांगितला नव्हता, बॅटरीचा खर्चही वेगळा, आणि जुलैत तर मार्चच्या निम्मे युनिटसुद्धा निघत नाहीत. फार चिडलो होतो मी, सोलार म्हणजे शुद्ध फसवणूक असं भेटेल त्याला सांगत होतो.

पण त्या रागाचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी काय संबंध रे? १८५६ मध्ये युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून दाखवलं होतं की या वायूची नळी जास्त तापते, तेव्हा कुठलं सोलार आणि कुठली सबसिडी. १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजणी चालू आहे, ३१५ पीपीएमचं (हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आता ४२० च्या वर गेलंय. सूर्यामुळे तापतंय म्हणावं तर वातावरणाचा वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअरही तापायला हवं होतं, ते उलट थंड होतंय. ढगांचं गणित अजून पक्कं झालेलं नाही, तापमान नेमकं किती वाढेल यावर शास्त्रज्ञ खरोखर भांडतात, तिथे तुझ्या शंकेला पुष्कळ जागा आहे.

आणि फॉरवर्डमधला तो 'तापमान वाढलंच नाही'वाला ग्राफ, त्याचं सुरुवातीचं वर्ष पाहिलंस का? १९९८. जबरदस्त एल निनोचं, म्हणजे पॅसिफिक समुद्र तापून जगभरच गरम झालेलं वर्ष, तिथून रेघ ओढली की पुढची काही वर्षं सपाटच दिसणार. उपग्रहांचा डेटा १९७९ पासूनचा फुकट मिळतो, त्यातला एक संच तर अलाबामातले जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर सांभाळतात, जे स्वतः या विषयात शंकेखोर म्हणून ओळखले जातात, आणि त्यांचीही रेघ वरच जाते.

रविवारी लॅपटॉप घेऊन ये, पहिल्या वर्षापासूनचा ग्राफ आपण दोघं काढू. तोवर तो फॉरवर्ड पुढे पाठवू नकोस. मी मार्चचं आणि जुलैचं वीजबिल काढून ठेवतो, तेही बघ.

तुझा,
सर