सर आले की कंट्रोल-ब्रेक!

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. आधी दिवसभर मोबाइलवर गेम खेळायचा, आता दोन महिने झाले, म्हणतो मला गेम बनवायचाय. मित्राकडून कुठल्याशा सॉफ्टवेअरचं नाव ऐकून आलाय. आमच्या घरात यातलं कुणालाच काही कळत नाही. तुम्ही नव्वदच्या दशकात साताऱ्यात कॉम्प्युटर शिकवायचात, असं मागे एका उत्तरात लिहिलं होतंत. तेव्हा ना यूट्यूब, ना मोबाइल. मग गेम बनवता येतो, त्यासाठी सॉफ्टवेअर असतं, हे लोकांना कळायचं तरी कसं? तुम्हाला कसं कळलं?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, खरं सांगू? मला ते एका पोरानं दाखवलं, आणि तो आमचा विद्यार्थीसुद्धा नव्हता. क्लासमध्ये झाडलोट करायचा, माठ भरायचा.

१९९५ साल. एसटी स्टँडजवळ पहिल्या मजल्यावर आमचा क्लास. चपला बाहेर, मशीनवर प्लॅस्टिकची कव्हरं, आणि एका मशीनमागे दोन पोरं. मी चोवीस वर्षांची, नुकतीच शिकवायला लागलेली. आधी डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची, हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवायची यंत्रणा, मग लिहायला वर्डस्टार, हिशेबाला लोटस, नोंदी ठेवायला डीबेस असा ठरलेला क्रम. दहा मशीन होती, त्यातली रंगीत पडद्याची दोनच. त्या दोन मशीनसाठी रोज भांडणं व्हायची आणि बराच काळ मला वाटत होतं की पोरांना रंगांची हौस आहे.

हौस रंगांची नव्हती. मायक्रोसॉफ्टची डॉसची पाचवी आवृत्ती १९९१ साली आली, तिच्याबरोबर क्यूबेसिक नावाची, ‘बेसिक’ या भाषेत प्रोग्रॅम लिहायची सोय फुकट मिळायची. ती कशी वापरायची याचे नमुने म्हणून डॉसच्या फोल्डरमध्ये काही फाइली टाकलेल्या असत. त्यातल्या दोन होत्या गोरिला आणि निबल्स. निबल्स म्हणजे साप. तो खेळ सुरुवातीलाच विचारायचा, पडदा रंगीत आहे की एकरंगी, म्हणून तो सगळीकडे चालायचा. गोरिला मात्र आमच्या जुन्या एकरंगी मशीनवर चालत नसे, चक्क माफी मागून बंद व्हायचा. भांडणं त्यासाठी.

गोरिला कुणाला आठवत नसेल तर सांगते. उंच इमारतींची रांग, दोन टोकांजवळच्या गच्च्यांवर दोन गोरिला. आपण कोन टाकायचा, मग वेग टाकायचा, की आपला गोरिला केळं फेकतो. केळं फुटतं, इमारतीला भगदाड पडतं. खाली बाण असतो, वारा कुठून वाहतोय ते दाखवणारा. वर सूर्य असतो हसऱ्या तोंडाचा, आणि केळं त्याच्यावरून गेलं की तो दचकून तोंडाचा ‘आ’ करतो. आमच्याकडे निम्मी पोरं समोरच्याला सोडून सूर्यालाच मारत बसायची.

आता मुद्द्याची गोष्ट. क्लासचे मालक, म्हणजे सर, जिना चढताना खोकायचे. खोकला ऐकू आला की पोरं कंट्रोल आणि ब्रेक या दोन कळा दाबायची. खेळ जिथल्या तिथे थांबायचा आणि पडद्यावर काय यायचं? निळं पान, त्यावर अक्षरंच अक्षरं. सर मागून बघत जायचे आणि खूश व्हायचे, पोरं बेसिकचा अभ्यास करताहेत! ती अक्षरं म्हणजे त्या खेळाचाच लिहिलेला प्रोग्रॅम होता. खेळ लपवायला खेळाच्याच पोटात जागा. सर दहा मिनिटं रेंगाळले तर पोरांना दहा मिनिटं ते निळं पान वाचल्याचं नाटक करावं लागायचं. आणि नाटक करता करता माणूस खरंच वाचायला लागतो.

झाडलोट करणारा तो पोरगा संध्याकाळी मशीनवर कव्हरं घालायला यायचा. सातवीतून शाळा सुटलेली, इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचायचा. एकदा मी हजेरीचं रजिस्टर विसरले म्हणून परत वर गेले, तर हा रंगीत मशीनसमोर उभा. बसायची त्याची हिंमत नव्हती. गोरिलाच्या फाइलीच्या अगदी वरच्या भागात इंग्रजीत टीप लिहिलेली असते : खेळ फार हळू किंवा फार जोरात चालत असेल तर खालच्या ओळीतला ‘स्पीडकॉन्स्ट’चा आकडा बदला, आकडा जितका मोठा तितका खेळ वेगवान. मूळ आकडा ५००. यानं ५०० च्या पुढे एक शून्य वाढवलेलं. त्याला इंग्रजी टीप किती कळली होती कोण जाणे, पण पाचशेचे पाच हजार करता येतात एवढं कळलं होतं. केळं गोळीसारखं सुटलं. जिंकल्यावर गोरिला हात वर करून नाचतो, तो अंगात आल्यासारखा नाचायला लागला. पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, हे लिहिलंय म्हणून ते तसं नाचतंय.”

मी तोवर दोन वर्षं कॉम्प्युटर शिकले होते, सर्टिफिकेट होतं माझ्याकडे. डीबेसमध्ये पगारपत्रक करून दाखवायचे. पण खेळ म्हणजे ‘आणायची’ गोष्ट, पुण्याहून कुणीतरी फ्लॉपीवर आणायची, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. ती कुणीतरी बसून लिहिलेली असते आणि ते लिहायचं साधन आपल्याच मशीनमध्ये पडलंय, हे त्या वाक्यानं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बॅचला खेळ बेफाम पळायला लागला, कारण यानं फाइल तशीच सेव्ह केली होती. सरांनी चौकशी केली. मी म्हटलं, माझ्याकडून झालं. सरांना ते खरं वाटलं नाही, पण त्यांनी पुढे ताणलं नाही.

मग महिनाभर आमचा उद्योग तोच. खेळाच्या सुरुवातीला गुरुत्वाकर्षण किती ते विचारतात, काही न टाकता पुढे गेलं तर पृथ्वीचं ९.८ धरतात. तिथे चंद्राचं १.६ टाकलं की केळं सहापट लांब जायचं, म्हणजे पडद्याबाहेरच. अकरावी सायन्सची एक मुलगी होती, ती कंट्रोल-ब्रेक दाबून एका ओळीवर बोट ठेवून किंचाळली होती, “मॅडम, हे तर अर्धा जी टी वर्ग!” पुस्तकातलं सूत्र खरोखर त्या ओळीत होतं, केळ्याची उंची काढायला. फिजिक्सच्या सरांनी फळ्यावर तेच लिहिलेलं, पण फळ्यावर केळं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आमच्यापैकी कुणी ‘गेम बनवायचं सॉफ्टवेअर’ शोधायला गेलंच नव्हतं. ते दुसऱ्या कशाबरोबर तरी घरात आलेलं असायचं, आणि खेळता खेळता चुकून त्याचं झाकण उघडायचं. नंतर इतरांना विचारलं तेव्हाही तसंच निघालं. कुणाला कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेल्या सीडीच्या एखाद्या कोपऱ्यात सापडलं. कुणी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळताना मेन्यूतलं ‘सीनारिओ बिल्डर’ दाबलं आणि नदी कुठे, हत्ती कुठे हे स्वतःच ठरवायला लागला. माझ्या भाच्याचं असंच झालं, तो त्या खेळात लढाई करायचाच नाही, नुसती गावं वसवायचा.

तिकडे परदेशात मुद्दाम हौशी लोकांसाठी केलेली साधनं तोवर आली होती. फ्रान्स्वा लिओने या फ्रेंच प्रोग्रॅमरनं आधी अटारी आणि अमिगा या घरगुती कॉम्प्युटरांसाठी गेम लिहायच्या बेसिक भाषा केल्या होत्या, पुढे इव्ह लामूरूबरोबर १९९४ मध्ये ‘क्लिक अँड प्ले’ आणलं. त्यात लिहायचं काही नाही, चौकटींचा तक्ता. अमुक चेंडू तमुक भिंतीला लागला तर काय, त्या चौकटीत खूण करायची. मी ते पाहिलं खूप उशिरा, तोवर ते जुनं झालं होतं.

मला जास्त जवळचं वाटतं ते ‘गेम मेकर’. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या विद्यापीठात मार्क ओव्हरमार्स नावाचे संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. भूमितीचे प्रश्न कॉम्प्युटरनं कसे सोडवायचे, यंत्रमानवानं अडथळ्यांतून वाट कशी काढायची, हे त्यांचं काम. त्यांनी १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये एक छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवला. नाव ‘अ‍ॅनिमो’, चित्रं हलवायचा. लोकांनी त्यात गेम करायला सुरुवात केली आणि पुढे त्याचं नावच ‘गेम मेकर’ झालं. ‘अंडरटेल’ हा २०१५ चा गाजलेला गेम त्याच घराण्यातल्या साधनावर केलेला आहे, तुमच्या चिरंजीवांना विचारा, ऐकलं असेल.

साताऱ्यात ते माझ्यापर्यंत २००३ च्या सुमारास पोचलं. आमची ती अकरावीची मुलगी तोवर कराडला इंजिनिअरिंग करून नोकरीला लागली होती. दिवाळीला आली तेव्हा सीडीवर घेऊन आली. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजत उतरवून घेतलेलं, दोनदा लाइन तुटली होती. दोघींनी मिळून एक खेळ केला, मोदक वेचणारा उंदीर. उंदीर भिंतीतून आरपार जायचा, कारण भिंत ‘सॉलिड’ आहे अशी खूण करायची राहिली होती. आम्हाला ते तीन दिवसांनी कळलं. फराळाचं सगळं सासूबाईंनी एकटीनं केलं त्या वर्षी, आणि ते त्या अजून बोलून दाखवतात.

आता तुमच्या मुलाचं. मोबाइलवरचे गेम बंद डब्यासारखे असतात, कंट्रोल-ब्रेक दाबायची सोय नाही, म्हणून त्याला बाहेरून नाव ऐकून यावं लागलं. त्याला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात तयार झालेलं ‘स्क्रॅच’ हे गेम बनवायचं साधन दाखवा. ते २००७ पासून आहे, फुकट आहे. त्यात इतरांनी केलेले गेम खेळता येतात आणि प्रत्येकावर ‘सी इनसाइड’ असं बटण असतं. ते दाबलं की गेमच्या पोटातले सगळे रंगीत ठोकळे समोर. नववीच्या मुलाला मांजराचं चित्र बघून ते बालिश वाटेल, नाक मुरडेल. मुरडू द्या. त्याच्या आवडीचा एक गेम उघडून त्यातला एक आकडा बदलायला सांगा. फक्त जुना लॅपटॉप किंवा कुणाचा तरी कॉम्प्युटर मिळवा, मोबाइलच्या पडद्यावर बोटानं ठोकळे सरकवताना जीव जातो.

आणि घरात कुणाला कळत नाही याची काळजी करू नका. आमच्या क्लासमध्येही कुणाला कळत नव्हतं, मला धरून.

प्रश्न : १९९८ साली डिप्लोमाला असताना मी टर्बो सी या प्रोग्रॅम लिहायच्या साधनात गाड्यांच्या शर्यतीचा गेम लिहिला होता. फ्लॉपी माळ्यावर सापडली. आजच्या लॅपटॉपवर चालेल का? नातवाला दाखवायचा आहे.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काका, फ्लॉपी साडेतीन इंची असेल तर यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर घालूच नका, ड्राइव्हही खराब होईल. वाचली गेली तर आधी सगळ्या फाइली लॅपटॉपवर उतरवून घ्या, मग बाकीचं.

आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर टर्बो सी थेट चालत नाही. ‘डॉसबॉक्स’ नावाचा फुकट प्रोग्रॅम टाका, तो लॅपटॉपच्या आत जुनं डॉसचं मशीन उभं करतो. त्यात टर्बो सी चालतं, निळा पडदासुद्धा तोच. गेम उघडताना ‘ग्राफिक्स इनिशियलाइझ झालेलं नाही’ अशी तक्रार आली, तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये चित्रं सुरू करणारी ‘इनिटग्राफ’ची ओळ असेल, तिच्यात दिलेला बीजीआय फोल्डरचा, म्हणजे चित्रांसाठी लागणाऱ्या फाइलींचा, पत्ता तपासा. त्या काळी आपण सगळ्यांनीच ती ओळ मित्राच्या वहीतून उतरवून घेतली होती, त्यामुळे पत्ता तुमच्या मित्राच्या मशीनचा असायची शक्यता जास्त! गाड्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या पळाल्या, तर डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ-११ दाबून वेग कमी करता येतो.

प्रश्न : मी तेरा वर्षांची आहे. स्क्रॅच येतं. आता गेम बनवायच्या साधनांपैकी गोडो शिकू की युनिटी? माझा लॅपटॉप दादाचा जुना आहे, ४ जीबी रॅमचा.
– एक वाचक, पुणे

उत्तर : गोडो. युनिटी तुझ्या लॅपटॉपवर उघडेपर्यंत दादा लॅपटॉप परत मागेल. गोडो २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, फुकट आहे, डाउनलोड लहान आहे. इन्स्टॉलही करावं लागत नाही, झिप उघडायची आणि सुरू करायचं. त्रिमितीच्या नादी आत्ता लागू नकोस, सपाट गेम कर. आणि वर ज्या गोरिलाबद्दल लिहिलंय, त्याची फाइल इंटरनेटवर मिळते. ‘क्यूबी ६४’ हा क्यूबेसिकचे जुने प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम टाकलास की तुझ्या लॅपटॉपवर चालेल. पहिलं केळं सूर्याला मार.